निरोप अडवणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना काही विचारलं तर त्या लगेच उत्तर देत नसत. प्रश्न ऐकायच्या, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत गप्प राहायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना ऐकू आलं नाही. तो मग तेच जरा मोठ्यानं विचारायचा. त्यावर मॅडम म्हणायच्या, "ऐकलं मी. विचार करून राह्यले." फोनवरही तीच तऱ्हा. पलीकडचा माणूस दोनदा "हॅलो" करून फोन ठेवून द्यायचा आणि मॅडम हातातल्या रिसीव्हरकडे बघत म्हणायच्या, "जल्दी होती वाटतं त्याला."

नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बियाण्यांची कंपनी होती. मी तिथल्या लॅबमध्ये कामाला होतो आणि रोज बदनापूरहून रेल्वेनं ये-जा करायचो. मॅडम कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायच्या. तेव्हा ऑफिसात विंडोज नवीनच आलं होतं आणि माउस हातात धरताना भलेभले हिशेबनीस घाबरायचे. मॅडम जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी जैन घरातल्या. घरात धान्याचा व्यापार, भाऊ दुकानात. लग्न झालेलं नव्हतं, चाळिशी जवळ आली होती. त्याबद्दल ऑफिसात कुजबुज चालायची, पण त्यांना तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण विचारलं असतं तर आधी ती लांबलचक शांतता सोसावी लागली असती.

सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा पोशाख. बूट का, तर ऑफिसभर वायरी पसरलेल्या असायच्या. सूर्य मावळल्यावर त्या जेवत नसत. हिवाळ्यात कंपनीच्या मालकांनी, शेठजींनी, संध्याकाळी मीटिंग लावली तर त्या बरोबर दिवस मावळायच्या बेतात डबा उघडायच्या आणि सगळ्यांसमोर, कुणाकडेही न बघता, शांतपणे जेवून घ्यायच्या. शेठजी तेवढा वेळ थांबायचे. ते स्वतः त्याच समाजातले, त्यांना वावगं वाटायचं नाही. नवीन मॅनेजर मंडळींची मात्र पंचाईत व्हायची.

दर सोमवारी त्या सगळ्या ऑफिसातले माउस गोळा करायच्या. त्या काळच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि तिच्यावर धूळ बसायची. आमच्याकडे तर बियाण्याची पावडर, कापसाचे तंतू, सगळंच. मॅडम स्टीलच्या ताटात त्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि एकेका माउसचं पोट काडेपेटीच्या काडीनं साफ करायच्या, तांदूळ निवडावेत तशा मन लावून. शिपाई म्हणायचा, "मॅडमनी उंदीर निवडायला घेतले." त्याही हसायच्या. म्हणायच्या, "हसा. पण पडद्यावरचा बाण बराबर चालत न्हाई तेव्हा माणूस स्वतःला बावळट समजतो, माउसला न्हाई. म्हणून साफ करते."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. काहीही बिघडलं, कुणीही कुणावर खापर फोडायला लागलं, की त्या म्हणायच्या, "आधी कुठं अडलं ते बघू. कोण चुकलं ते मंग."

याच वाक्यापायी त्यांचं आणि देशमुख साहेबांचं बिनसलं.

देशमुख साहेब आमच्या लॅबचे प्रमुख. परतूरजवळच्या आष्टीचे, शेतीवाडीच्या घरातले. आमचं काम बियाण्याची उगवण तपासायचं. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ठरलेल्या दिवसांनी गुंडाळी उघडून किती उगवलं, कसं उगवलं ते बघायचं, आणि मग तो लॉट पास की नापास ते साहेबांनी ठरवायचं. साहेब कुणाच्या सांगण्यावर सही करत नसत. प्रत्येक गुंडाळी स्वतः उघडून बघायचे. "हे बी कुणाच्या तरी रानात जाणार हाय," म्हणायचे. "आपल्याला इथं घाई करून चालत न्हाई."

एकदा शेठजींनी मीटिंगमध्ये विचारलं की सॉफ्टवेअर आलं तरी लॅबचे रिपोर्ट उशिरा का मिळतात. सगळे मॅडमकडे बघायला लागले. मॅडम नेहमीसारख्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रिपोर्ट कम्प्युटरमधे अडत न्हाई. साहेबांच्या टेबलावर अडतो."

त्यांनी कुठं अडतो ते सांगितलं होतं. साहेबांनी कोण चुकलं ते ऐकलं. ते खुर्ची मागं सारून उठले आणि बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून ते मॅडमशी बोलले नाहीत. त्यांची केबिन आणि मॅडमचं टेबल यांच्यामध्ये एक काचेचं पार्टिशन होतं, दोघं दिवसभर एकमेकांना दिसायचे. पण बोलायचं असलं की साहेब मला हाक मारायचे. "बाईंना सांगा, तिसऱ्या लॉटचं नाव चुकलंय." मी पार्टिशनच्या पलीकडे जाऊन सांगायचो. साहेबांचे काही निरोप तिखट असायचे. "बाईंना सांगा, बियाणं म्हणजे काय हे आधी शिकून घ्या." मी जाऊन म्हणायचो, "मॅडम, साहेब म्हणतात जरा लॅबमध्ये येऊन बघितलं तर बरं होईल." मॅडम माझ्याकडे बघायच्या. "साहेबांचे निरोप तुम्ही वाटंत धुऊन आणता," म्हणायच्या.

त्यांचा तो अबोला आम्हाला सवयीचा झाला होता. त्याच सुमारास साहेबांचा हात बिघडायला लागला.

आधी त्यांनी चहाचा कप अर्धाच भरून आणायला सांगितलं. मग चिमट्यानं बी उचलून कागदावर मांडायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. उजवा हात पँटच्या खिशात असायचा. मला कळलं, पण मी बोललो नाही, आणि त्यांनाही मी बोलावं असं वाटत नव्हतं. पुढं त्यांनी मला सांगितलं, कंपवात आहे, औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले. "कुणाला बोलू नका," एवढंच वर म्हणाले.

पण माउस लपू देईना. पास-नापासचा शेरा आता कम्प्युटरवर साहेबांनाच द्यावा लागायचा, त्यांच्या पासवर्डवर. ते एकदा बटण दाबायचे आणि हात थरथरल्यामुळे ते दोनदा, तीनदा दाबलं जायचं. उघडलेली खिडकी लगेच मिटायची. कधी आख्खी खिडकीच धरली जाऊन पडद्याच्या कोपऱ्यात घसरत जायची. काचेतून सगळं दिसायचं. एक नवा मॅनेजर एकदा म्हणाला, "साहेबांची खिडकी पळून राह्यली बघा." दोघं-तिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या काचेतून साहेबांच्या हाताकडे बघत होत्या, बराच वेळ.

काही दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये आलो तर मॅडम तिथं. बियाणं चाळायचं आमचं एक मशीन होतं, सुरू केलं की गदागदा हलायचं. मॅडमनी ते सुरू केलं होतं, उजव्या हाताचं कोपर त्याच्यावर टेकवलं होतं आणि त्याच थरथरत्या हातानं शेजारच्या कम्प्युटरचा माउस चालवत होत्या. केस सुटलेले, चष्मा नाकावर उतरलेला. मी दारातच थांबलो.

"साहेब आल्ते का?" त्यांनी न वळता विचारलं.

"न्हाई. जेवायला घरी गेलेत."

"मंग या. आणि बघा, खिडकी पळते का."

मी बघितलं. हात इतका हलत होता की त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. पण पडद्यावर एकदा दाबलेलं एकदाच दाबलं जात होतं. खिडकी जागेवर होती.

मग त्यांनी मशीन बंद केलं आणि मला समजावून सांगितलं. बटण दाबलं की विंडोज प्रोग्रामला एक निरोप पाठवतं: बटण दाबलं. सोडलं की दुसरा: सोडलं. माउस हलला की आणखी एक. "प्रोग्रामला हात दिसत न्हाई, निरोप दिसतात. थरथरणाऱ्या हाताचे निरोप जास्तीचे जातात. मी मधे वाटंवर माझा कोड बसवलाय. प्रत्येक निरोप आधी माझ्याकडं येतो. एका क्लिकच्या पाठोपाठ लगेच दुसरी आली, तर ती मी गिळून टाकते. बटण दाबताना माउस हलला, तर तेही. बाकीचं पुढं जाऊ देते." याला हूक म्हणतात, असं त्या म्हणाल्या. ते काम अवघड होतं. जरा चुकलं की प्रोग्रामच काय, समोरचं सगळंच बंद पडायचं आणि लिहिलेलं नाहीसं व्हायचं. त्या आठवड्यात ते कितीदा झालं असेल देव जाणे. त्या प्रत्येक वेळी नव्यानं लिहायच्या.

"साहेबांना सांगू?" मी विचारलं.

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. त्यांना वाटू द्या, माउस नवीन आणलाय."

आणि खरंच, साहेबांना तसंच वाटलं. "बाईंना सांगा," ते मला म्हणाले, "हा माउस चांगला हाय." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांचा निरोप न धुता नेला. मॅडमनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागल्या. खिडकी पळायची थांबली. हसणारे दुसरं काही शोधायला लागले. काही महिने असेच बरे गेले.

मग तो कापसाच्या बियाण्याचा लॉट आला. उगवण वाईट होती. अर्ध्या गुंडाळीत बी कुजलेलं, उरलेल्यात कोंब वाकडे. साहेबांनी स्वतः बघितलं, मला दाखवलं, आणि कम्प्युटरवर नापासचा शेरा दिला. मी पुढच्या गुंडाळ्या उघडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेब गोदामात गेले होते, तिथून फाटकाकडे धावत सुटले. त्यांना धावताना मी कधी बघितलं नव्हतं. त्याच लॉटच्या पोत्यांना हिरवी चिठ्ठी लागली होती. पास. पोती ट्रकमध्ये चढली होती, गाडी निघत होती. साहेबांनी ट्रकसमोर उभं राहून गाडी थांबवली, पोती उतरवून घेतली, आणि मग सरळ शेठजींच्या खोलीत जाऊन सांगितलं की चूक माझ्या हातून झाली, मला आता नोकरी सोडू द्या.

परत येऊन ते केबिनमध्ये बसले. हात खिशात नव्हता, मांडीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "नापास दाबलं होतं मी. मला पक्कं आठवतंय. पण मशीन म्हणतं पास. म्हणजे माझा हातच." 

मॅडम काचेपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नव्हतं, पण ऑफिसात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. त्या आपल्या कम्प्युटरवर बसल्या, काहीतरी बघितलं, पुन्हा बघितलं. मग उठल्या आणि साहेबांच्या केबिनचं दार उघडून आत आल्या. मी बाहेर जायला निघालो तर साहेब म्हणाले, "तुम्ही थांबा. बाईंना विचारा, काय काम हाय."

"त्यांना कशाला विचारता, साहेब," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या थांबल्या नाहीत, विचार केला नाही. "मी इथंच हाय. चूक तुमच्या हाताची न्हाई. माझी हाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेऱ्याच्या खिडकीत पास आधीच निवडलेलं असायचं. नापास करायचं तर आधी लॉटवर क्लिक करायची, मग नापासवर, मग सेव्ह. साहेबांनी लॉटवर क्लिक केली आणि लगेच नापास दाबलं. मधल्या कोडला वाटलं, ही थरथरच आहे. त्यानं ती क्लिक गिळली. मागे राहिलं पास, आणि तेच सेव्ह झालं.

साहेब ऐकत होते. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"माझ्या हातावर पहारा बसवला तुम्ही. मला न विचारता. मी काय दाबायचं आणि काय न्हाई, ते तुम्ही ठरवून राह्यले होते एवढे महिने!"

"हो."

"का?"

मॅडम गप्प झाल्या. नेहमीची शांतता, पण ती त्यांना स्वतःलाच जड होत होती. "ते हसायले होते, साहेब," त्या एवढंच म्हणाल्या.

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या, कुणीतरी पोत्यांचं गाडं ढकलत होतं. मग राग ओसरल्यावर ते मॅडमना म्हणाले. "पण मग या वेळीच कसं झालं? एवढे दिवस तर बराबर चालत होतं."

"तेच मला कळंना," मॅडम म्हणाल्या. "दोन क्लिकमधे इतकं कमी अंतर तुमच्या हाताचं नसतं."

साहेबांनी आपल्या हाताकडे बघितलं. "डॉक्टरनं नवीन गोळ्या दिल्या," ते म्हणाले. "काल हात चांगला होता. पहिल्यासारखा झपझप चालत होता."



शेठजींकडे दोघं मिळून गेले आणि मलाही नेलं. मॅडमनी कोडाचं सांगितलं, पण तो कशासाठी लिहिला, तिथं येऊन त्या अडल्या. हाताचा विषय त्यांना काढायचा नव्हता. शेठजी म्हणाले, "बहनजी, आपने हमसे पूछा क्यों नहीं? ऐसा क्यों बैठाया?" मॅडम खाली बघत उभ्या राहिल्या. तेव्हा साहेबांनी आपला उजवा हात शेठजींच्या टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवला. त्या दिवशी तो पुन्हा वाईट होता. घड्याळाचा पट्टा टेबलाच्या काचेवर टकटक वाजत राहिला.

"याच्यासाठी बसवलं," साहेब म्हणाले. "मी लपवत होतो, म्हणून यांनी पण लपवलं."

शेठजी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी पुढं होऊन त्यावर आपला हात ठेवला. आवाज थांबला.

साहेबांना नोकरी सोडू दिली नाही. निवृत्तीपर्यंत ते लॅबमध्ये राहिले, फक्त प्रत्येक शेऱ्याच्या छापील कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यायचं ठरलं. मॅडम कोड काढून टाकायला निघाल्या, तर साहेबच नको म्हणाले. "काढू नका. पण जे अडवाल ते मला दिसलं पाहिजे." मग मॅडमनी तसं केलं. क्लिक अडवली की घंटी वाजायची आणि पडद्यावर तसं लिहून यायचं. लॅबमध्ये दिवसभर घंटी वाजायची. कुणी हसलं नाही.

मॅडमचं मात्र तसं झालं नाही. शेठजी त्यांना एका शब्दानंही बोलले नाहीत, पण पुढच्या हंगामात त्यांनी सॉफ्टवेअरचं सगळं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं आणि मॅडमकडे पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायचं काम उरलं. त्यांनी वर्षभर तेही नीट केलं. मग एके दिवशी ताटातले माउस पुसून जागच्या जागी लावले आणि राजीनामा दिला. मी विचारलं, राग आला का? त्या नेहमीसारख्या थांबल्या आणि म्हणाल्या, "न्हाई. मी शेठच्या जागी असते तर हेच केलं असतं." पुढं त्या घराच्या माडीवर मुलींना कम्प्युटर शिकवायच्या.

साहेब निवृत्त होऊन आष्टीला गेले. मॅडम महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायच्या, हे मला फार उशिरा कळलं. आजार वाढला होता, बोलणंही कमी झालं होतं. दोघं ओसरीवर बसायचे म्हणे. एक बोलत नसे, दुसरी लवकर बोलत नसे.

साहेब गेल्याचं कळलं तेव्हा मी आष्टीला गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं. मॅडम बायकांच्या मागं, अगदी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी ओळखीचं नव्हतं, या बाई कोण म्हणून दोघी-तिघी विचारत होत्या. साहेबांच्या पत्नीनं वर बघितलं. हातानं गर्दी बाजूला केली आणि म्हणाल्या, "बाई, तिथं कशाला? तुम्ही इकडं माझ्यापाशी या." मॅडम पुढं जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

परतताना आम्ही दोघं परतूरपर्यंत एसटीनं आलो, तिथून रेल्वे पकडायची होती. दोन्ही बाजूला कापसाची रानं होती. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या बोलल्या.

"थरथरणारा हात मला दिसला," त्या म्हणाल्या. "बरा झालेला न्हाई दिसला. रोज समोर बसत होते मी, काचेतून. तरी न्हाई दिसला."

 परतूर आलं, गाडीतली माणसं उतरायला लागली. त्या जागेवरच बसून होत्या. सगळे उतरल्यावर मी म्हणालो, "चला मॅडम," तेव्हा त्या उठल्या आणि पुढच्या सीटची दांडी धरत, सावकाश, खाली उतरल्या.